नाळ अजून उडत होती

त्या वर्षी मेंढ्या दहा दिवस आधीच व्यायला लागल्या आणि गोंगोरच्या घरात माणसं होती तीन. गोंगोर, त्याची आई नोरजिन आणि बायको सेवजिद. त्यात सेवजिदला आठवा महिना. सहकारी संघाच्या सहाशे मेंढ्या त्यांच्या अंगावर टाकलेल्या, आणि वारं असं की तोंड उघडलं तर दातांत वाळू.

दुल्मा आली ती सेवजिदला न्यायला. तालुक्याच्या दवाखान्यात ती सुईण-नर्स होती. वय तेवीस. जिल्ह्याच्या गावी तीन वर्षं शिकून आली होती. लांबच्या खोऱ्यांतल्या बायकांना महिनाभर आधीच तालुक्याला आणून ठेवायचं, असा नियम होता. जीपवाल्यानं तिला गेरच्या, त्या लोकरीच्या गोल तंबूच्या, दारात उतरवलं. “पलीकडच्या खोऱ्यातली कामं उरकून गुरुवारी परत येतो, तोवर बाईची तयारी करून ठेव,” म्हणाला, आणि गेला.

नोरजिननं तिला खारा चहा दिला. स्वतः चुलीपाशी एका गुडघ्यावर बसली. साठीला टेकलेली बाई. बोटं मात्र पुरुषासारखी जाड.

“कधी नेणार म्हणतेस?”

“गुरुवारी, मावशी.”

“मेंढ्यांना सांगितलंस का, गुरुवारपर्यंत उरका म्हणून?”

गोंगोर खाली मान घालून हसला. सेवजिदनं पोटावरचा पट्टा सैल केला आणि उठून बाहेर गेली. दुल्मा तिला ‘बसून राहा’ म्हणणार होती. पण बाहेर एक मेंढी ओरडत होती आणि दुसरं कुणी उठलं नव्हतं.

नोरजिनची आणि दवाखान्याची जुनी तेढ होती. त्या खोऱ्यातली तीसेक मुलं नोरजिनच्या हातावर जन्मली होती. मग तालुक्याला दवाखाना झाला, आणि दुल्माच्या आधीच्या नर्सनं येऊन तिच्याकडून कागदावर अंगठा घेतला की यापुढं मी कुणाचं बाळंतपण करणार नाही. गोंगोरनं हे दुल्माला दुसऱ्या दिवशी सांगितलं, मेंढ्या हाकता हाकता, सहज सांगावं तसं.

दुल्मा नुसती बसून राहिली नाही. बाह्या वर करून वाडग्यात उतरली. कोकरं पोत्यात घालून गेरमध्ये आणायची, चुलीच्या कडेनं ओळीनं ठेवायची, वाळली की परत आईला लावायची. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत हेच. हाताला चीक, रक्त, शेण. दुसऱ्या दिवशी दुपारी एक मेंढी तिच्या डोळ्यांसमोर व्याली. दुल्मानं कोकरू उचललं आणि तिच्या पेटीतला फडका काढून त्याला नाकापासून शेपटीपर्यंत स्वच्छ पुसलं. फडक्याला दवाखान्यातल्या औषधाचा वास होता. मेंढीनं कोकराला हुंगलं, मागं सरली, आणि लाथ मारली.

नोरजिन आली. कोकराला हुंगून तिनं दुल्माकडं बघितलं.

“चाटायचं काम तिचं होतं,” ती म्हणाली. “तू कशाला चाटलंस?”

मग ती मेंढीपाशी बसली. तिचं डोकं काखेत धरून, कोकराला तिचंच मूत चोळून, ‘तोइग, तोइग’ असं गात राहिली. कोकराला जवळ न करणाऱ्या मेंढीला असंच गाऊन वळवतात. दोन तास गायली. घसा बसला. मेंढी वळली नाही. बाटलीनं दूध पाजलं, पण सकाळी कोकरू चुलीपाशी ताठ होऊन पडलं होतं.

त्याच सकाळी पलीकडच्या गेरमधला म्हातारा यादम दोरखंड मागायला आला. नोरजिननं त्याच्यापुढं वाळवलेल्या दह्याच्या वड्यांची थाळी ठेवली आणि सगळं रंगवून सांगितलं.

“आमच्याकडं डॉक्टरीणबाई आल्यात. कोकरं धुऊन देतात.”

यादम इतका हसला की वडी घशात अडकली. “धुतलेलं कोकरू मेलं का मग?”

“मेलं. पण स्वच्छ मेलं.”

सेवजिदही हसली. दुल्मा कप घेऊन बाहेर गेली. पाणी इतकं गार होतं की कप विसळताना बोटं बधिर झाली, तरी विसळतच राहिली. कानशिलं तापली होती. तीन वर्षं शिकले ती काय मेंढरांसाठी नव्हे, असं ती मनात म्हणत होती. तेच तेच.

बुधवारी दुपारी वावटळ आली. आधी पिवळी धूळ, मग तिच्यात बर्फ. गोंगोर आणि यादम कळप वाडग्याच्या आडोशाला दाबून धरायला गेले. सेवजिद दोन कोकरं काखेत घेऊन आत आली, ती खाली ठेवायला वाकली, आणि तिथंच गुडघ्यावर बसली. तिच्या पायांखालचा लोकरीचा नमदा ओला झाला होता.

“आई,” ती नोरजिनला म्हणाली. “हे माझंच आहे.”

अजून महिना बाकी होता. दुल्मानं पेटी उघडली. चिमटे उकळले, कात्री उकळली, पांढरा कपडा पसरला. नोरजिननं कोकरं एका कडेला सारली, चुलीत शेण्या घातल्या आणि सेवजिदच्या पाठीमागं बसून तिला स्वतःच्या छातीवर टेकवून घेतलं. तिनं दुल्माला काही विचारलं नाही. कागदावर अंगठा दिला होता तिनं.

तीन तास लागले. गेरचे दोर वाऱ्यानं गुणगुणत होते. दिवस अजून मावळला नव्हता. वरच्या धुराड्याच्या भोकातून मातकट उजेड येत होता. त्या उजेडात मूल आलं. मुलगी. दोन मुठींत मावेल एवढी. बारीक आवाजात एकदा रडली, थांबली, परत रडली. दुल्मानं तिला आईच्या मांड्यांमध्ये कपड्यावर ठेवलं.

नाळ जाड होती, निळसर, पीळ पडलेली. दुल्मानं ती दोन बोटांत धरली. बोटांखाली ती उडत होती. ठणठणीत, घोड्याच्या मानेवरची शीर उडते तशी.

तिनं चिमटा उचलला.

“थांब,” नोरजिन सेवजिदच्या खांद्यावरून म्हणाली. “उडतेय अजून.”

“अर्ध्या मिनिटात बांधायची असते, मावशी.”

“कुणी सांगितलं?”

“पुस्तकात आहे.”

“पोरगी लहान आहे. तिचं तिच्यात येऊ दे. थोडं थांब.”

दुल्मानं नोरजिनकडं बघितलं. त्या क्षणी तिच्या मनात पुस्तक नव्हतं. मनात होतं ते यादमचं हसू आणि ‘स्वच्छ मेलं’ हे शब्द. आणि असं की इथं तरी, या एका जागी तरी, मला कळतं आणि हिला कळत नाही. नोरजिन बघत असतानाच तिनं चिमटा लावला. दुसरा लावला. मध्ये कापलं.

नोरजिननं मोकळ्या हातानं सेवजिदचं कपाळ पुसलं.

शिकवल्याप्रमाणे दुल्मानं वारेकडच्या तुकड्याचा चिमटा सैल केला आणि टोक इनॅमलच्या वाटीत सोडलं. वार लवकर सुटते म्हणून तसं करायचं. वाटीत रक्त पडू लागलं. ते थेंब थेंब नव्हतं, धार होती. अर्धी वाटी झाली, मग पाऊण.

“हे कुणाचं?” नोरजिननं विचारलं.

“वारेतलं.”

“वारेला रक्त कशाला लागतं?”

दुल्मानं वाटीवर कपडा टाकला.

मूल पांढरं होतं. आधी तिला वाटलं उजेडामुळं. मग ओठ बघितले, मग नखं. श्वास भरभर चालला होता आणि फासळ्यांमध्ये खड्डे पडत होते. नोरजिननं पोरीला उचललं, सेवजिदच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून मऊ कोकराचं कातडं घातलं आणि त्यावर आपला लोकरी अंगरखा. मग दुल्माला म्हणाली, “आता बस हिच्यापाशी. श्वास मोज. मोजायला तरी शिकवलं असेल.”

दुल्मा मोजत बसली. गोंगोर आत आला तेव्हा भुवयांवर बर्फ होतं. त्यानं मुलीकडं बघितलं, आईकडं बघितलं. तो परत मेंढ्यांकडं गेला.

जीप गुरुवारी आली नाही, शनिवारी आली. ते तीन दिवस सेवजिदचा चीक चमच्यानं थेंब थेंब पाजला. कोकरांची पोती येत होती, जात होती. नोरजिननं वार धुऊन, लोकरीत गुंडाळून गेरच्या आतच जमिनीत पुरली. दुल्मा मदत करायला वाकली तर म्हणाली, “राहू दे. हे काम पुस्तकात नसतं.”

जिल्ह्याच्या दवाखान्यात पोरगी बावीस दिवस राहिली. जगली. मोठ्या डॉक्टरांनी दुल्माला बोलावून घेतलं. नाळ कधी बांधली हे त्यांनी विचारलंच नाही. म्हणाले, “महिनाभर आधीचं मूल, वावटळ, रस्ता बंद, आणि तू दोघींना जगवलंस.” उन्हाळ्यातल्या सभेत तिचं नाव घेतलं, टाळ्या वाजल्या. दुल्मानं मान खाली घातली. लोकांना वाटलं, लाजते.

पोरीचं नाव ठेवलं एनेबिश. ‘ही ती नव्हे’ असं. दुखण्यानं दारात येऊन विचारलं तर चुकून पुढं जावं म्हणून असली नावं ठेवतात. आणि त्याच वेळी नोरजिननं दुल्माला सगळ्यांदेखत सांगितलं, “नाळ तू कापलीस. आता तू हिची नाळेची आई. नव्या वर्षी, पांढऱ्या महिन्याच्या सणाला हिला तुझ्या पाया पडायला आणणं आमच्याकडं लागलं.”

चाल तशीच होती. नोरजिननं नवीन काही सांगितलं नाही. पण दुल्माला तो दंड वाटला.

पहिल्या सणाला एनेबिश आली ती सेवजिदच्या पाठीवर. दहा महिन्यांची, मान अजून डुलणारी. दुसऱ्या सणाला सेवजिदनं तिला जमिनीवर उभी केली, हात सोडला, आणि ती बसली. ओठ फिके, कानाच्या पाळ्या मेणासारख्या. दुल्मानंच पुढाकार घेऊन तिला जिल्ह्याला नेलं. रक्त तपासलं. रक्त कमी होतं. लोहाचं औषध दिलं, काळीज खायला घाला म्हणाले. औषधानं दात काळे पडले. खोऱ्यातली मुलं तिला ‘काळतोंडी’ म्हणायची.

शाळेत ती एक वर्ष उशिरा बसली. उन्हाळ्याच्या जत्रेत मुलं घोड्यांच्या शर्यतीत उतरतात. गोंगोरचा करडा घोडा चांगला होता, पण त्याच्यावर यादमची नात बसली, कारण एनेबिशला चक्कर यायची. शर्यत संपली तेव्हा एनेबिश दोरीपाशी उभी राहून घोड्याचा घाम लाकडी पट्टीनं निपटत होती. ते काम तिनं फार मन लावून केलं. दुल्मा लांबून बघत होती. मग ती न भेटताच घरी गेली.

दर सणाला ती पोरीला काहीतरी मोठं द्यायची. नमद्याचे बूट, शहरातली वह्यांची चळत, एकदा तर कोल्ह्याच्या कातड्याची टोपी, स्वतःच्या पोरांनाही कधी न घेतलेली. लोक म्हणायचे, नाळेची आई असावी तर अशी. नोरजिन निळं रेशमी खादग, मानाचं वस्त्र, दोन्ही हातांवर धरून पुढं करायची आणि दुल्मा ते घेताना तिच्याकडं बघायची नाही.

एक गोष्ट मात्र तिनं केली. त्या वसंतानंतर तिचा हात थांबायला लागला. बाळंतपणात नाळ बोटांत धरायची आणि उडायची थांबेपर्यंत चिमट्याला हात लावायची नाही. कुणी बघत असलं तर चिमटा शोधण्याचं निमित्त करायची, उकळलेलं पाणी परत मागवायची. तक्त्यात अर्धं मिनिटच लिहायची. खोटं लिहिताना तिला जेवढं बरं वाटायचं तेवढं खरं लिहिताना कधी वाटलं नाही. पण ज्या पोरीसाठी थांबायला हवं होतं ती सोडून बाकी सगळ्यांसाठी ती थांबत होती.

सत्तावीस वर्षं गेली. सहकारी संघ मोडले, मेंढ्या ज्याच्या त्याच्या झाल्या. दुल्मा पन्नाशीची झाली. निवृत्तीला चार वर्षं उरली असताना तिला जिल्ह्याच्या गावी शिबिराला बोलावलं. शिकवायला एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिनं सांगितलं, आता नाळ लगेच बांधायची नाही. मूल बरं असेल तर थांबायचं. दोन-तीन मिनिटं, नाडी थांबेपर्यंत. कमी दिवसांच्या मुलाला तर त्याची गरज जास्त. वारेतलं रक्त त्याचंच असतं.

सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. दुल्मानं हात वर केला.

“आधी कापलेल्यांचं काय?”

“कुठल्या?”

“आधीच्या. ज्यांची लगेच कापली.”

“त्यांचं काय ताई, ती आता मोठी झाली असतील.”

वर्ग हसला. दुल्माही थोडी हसली.

मधल्या सुट्टीत तिनं डॉक्टरीणबाईंना गाठून एनेबिशचं सगळं सांगितलं, नाव न घेता. त्या शांतपणे ऐकत होत्या. म्हणाल्या, “एकट्या नाळेवर सगळं टाकता येणार नाही. महिनाभर आधी आली, आईचं खाणंपिणं, थंडी. आणि तेव्हा सगळे तसंच करायचे. तुम्हाला तसंच शिकवलं होतं.”

“हो,” दुल्मा म्हणाली. “शिकवलं तसंच होतं.”

पण चिमटा लावताना तिच्या मनात काय होतं ते तिनं डॉक्टरीणबाईंना सांगितलं नाही. ते सांगायची जागा तिथं नव्हती.

शिबिरातून परतताना ती घरी न जाता सरळ खोऱ्यात गेली. नोरजिन पंचाऐंशीची झाली होती. डोळे गेले होते. गेरच्या आतल्या बाजूला पलंगावर पडून असायची. सेवजिद आणि गोंगोर उन्हाळी कुरणावर गेले होते. म्हातारीपाशी एनेबिश होती, ती गायी पिळायला बाहेर गेली होती.

दुल्मा पलंगाच्या कडेला बसली. म्हणाली, “मावशी, मला एक सांगायचंय.”

“कोण? दुल्मा का? सण तर झाला.”

“एनेबिशची नाळ मी लवकर कापली.”

म्हातारीनं तोंड तिच्याकडं वळवलं. “हे सांगायला एवढ्या लांब आलीस? मी तिथंच होते.”

“पुस्तकात होतं म्हणून नाही कापली. तुम्ही मला त्या कोकरावरून बोलला होता. यादमआजोबांसमोर. तुम्ही थांब म्हणालात म्हणून कापली. तुम्ही काही बोलला नसता तर कदाचित थांबलेही असते.”

सांगून झाल्यावर तिचे हात मांडीवर तसेच पडून राहिले. नोरजिन बोटांनी पांघरुणाची कड चाचपत म्हणाली,

“माझा हात तुझ्या हातापासून वीतभर होता. तुला माहीत आहे? मी सेवजिदला धरलं होतं, पण एक हात मोकळा होता. तुझं मनगट धरलं असतं तर तू काय केलं असतंस?”

“काही नाही.”

“काही नाही. तू पोरगी होतीस. मी धरलं नाही. माझ्या मनात आलं, कापू दे. होऊ दे काय व्हायचं ते. दवाखान्याला कळू दे एकदा, कुणाच्या हातून बाळंतपण काढून घेतलं ते.” ती थांबली. “माझी नात होती ती. आणि मला असं वाटलं.”

दुल्माला तिच्याकडं बघवेना.

“दर सणाला तिला तुझ्याकडं पाठवायचे,” म्हातारी म्हणाली, “तू मान खाली घालायचीस. मला बरं वाटायचं. म्हणायचे, हिच्यावर आहे तोवर माझ्यावर नाही. सत्तावीस वर्षं. आता डोळे गेल्यावर काय काय दिसतं.”

दारातून एनेबिश आली. दोन्ही हातांत दुधाच्या बादल्या. अंगानं अजून बारीकच, पण बादल्या भरलेल्या होत्या आणि तिनं त्या सांडू न देता खाली ठेवल्या. दुल्माला बघून ती हसली, दोन्ही हात पुढं करून तिच्या कोपरांखाली धरून नमस्कार केला, मग कढईत पाणी घातलं आणि विचारलं, “काय झालं? दोघी अशा का बसलाय?”

नोरजिननं तोंड भिंतीकडं केलं. सांगायचं दुल्मालाच होतं.

तिनं सांगितलं. कोकराचं सांगितलं, फडक्याचं, चिमट्याचं, वाटीचं. म्हातारीचं तेवढं सांगितलं नाही. ते पलंगावरून म्हातारीनं स्वतःच सांगितलं, तोंड न वळवता, चार शब्दांत.

एनेबिश ऐकत होती. चहाची पत्ती टाकली, दूध ओतलं, मीठ टाकलं. पळीनं चहा उंच उचलून परत कढईत सोडायला लागली. उकळी येईपर्यंत असं करत राहायचं असतं. तिचा चेहरा वाफेत होता.

“किती वेळ थांबायला हवं होतं?” तिनं विचारलं.

“तीन मिनिटं. त्याच्या आत-बाहेर.”

“एवढंच?”

“एवढंच.”

पळी वर जात होती, खाली येत होती. दुल्माचं लक्ष आपल्या मनगटावरच्या घड्याळाकडं गेलं आणि तिथंच राहिलं. बाहेर वासरू ओरडलं, गप्प झालं. पलंगावर म्हातारीचा श्वास ऐकू येत होता.

“झाली तीन मिनिटं?” एनेबिशनं विचारलं.

“नाही.”

पळी वर गेली, खाली आली. चहा कडेनं फुटायला लागला होता. एनेबिशनं आच कमी केली नाही. परत पळी. परत. दुल्माला वाटलं, आता ही विचारणार नाही. सेकंदाचा काटा फार सावकाश फिरत होता.

“आता?”

“नाही अजून,” दुल्मा म्हणाली.